हद्द

गोदावरीच्या पुलापलीकडे टपरीवर बापू गोर्लावार पाय पसरून चहा पीत बसला होता. सिरोंच्याकडच्या मुली कामाच्या नावाखाली नेऊन विकणारी टोळी त्याचीच. महाराष्ट्राचे पोलीस मागे लागले की तो पूल ओलांडून तेलंगणात जायचा. तिकडचे लागले की अलीकडे यायचा.

फौजदार वनिता उसेंडी जीपमधून उतरली, तरी तो जागचा हलला नाही.

"मॅडम, ही तुमची हद्द नाही," तो हसत म्हणाला. "इथले पोलीस तुम्हालाच जाब विचारतील."

"इथली पोलीस मी," शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली आणि तिने त्याला बेड्या घातल्या. ती तेलंगणाची फौजदार वरलक्ष्मी. दोघी महिनाभर रोज फोनवर बोलून त्याच्या मागावर होत्या.

आरोपी कुणाचा यावरून या दोघी आता भांडतील, एवढीच आशा बापूला उरली होती.

"याला तूच ने," वरलक्ष्मी वनिताला म्हणाली. "मला याने गेल्या महिन्यात नेलेल्या त्या तीन मुलींचा पत्ता हवाय."

बापूचा चेहरा उतरला. त्याने गावाचं नाव सांगून टाकलं आणि लगेच गयावया करू लागला, "तोंडावर रुमाल तेवढा टाका. माझी पोरगी कॉलेजात जाते."

तीन वर्षं वनिताला त्याचा संताप होता. आता नुसती किळस आली.

"असाच न्या," तिने शिपायाला सांगितलं, आणि दोघी मुलींना आणायला निघाल्या.