बाण फिरवायची वेळ

०:०३

सामन्याचे तीन सेकंद उरले होते आणि दोघींनी बास्केटबॉल घट्ट धरला होता. पांढऱ्या संघातली सोडेना, लाल संघातली सोडेना. पंचांनी शिट्टी मारली, दोन्ही अंगठे वर केले आणि टेबलाकडे पाहिलं.

टेबलावर एक लाकडी बाण होता. अशा ओढाताणीत चेंडू कुणाला द्यायचा, हे पंचांच्या मर्जीवर नसतं. एकदा या संघाला, पुढच्या वेळी त्या संघाला. आता हक्क कुणाचा, ते बाण दाखवतो. बाण पांढऱ्यांकडे होता.

लाल संघाचा प्रशिक्षक तरातरा टेबलाशी आला. त्याला सगळे भोंगा म्हणत. तोही ओ देई.

"अहो बाई, मघाशी त्यांनाच तर दिला होता चेंडू. बाण फिरवायला विसरलात. वय झालं, दुसरं काय."

टेबलबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. अठरा वर्षं त्या याच खुर्चीत बसून गुण, घड्याळ आणि बाण सांभाळत होत्या. खुर्ची दोनदा बदलली होती, बाई नाही.

"दिला होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी आत फेकला. तो हवेत असतानाच तुमच्या पोरीनं धक्का मारला. कुणाच्या हाताला लागलाच नाही चेंडू. मग हक्क वापरला कुठे? आणि तो वापरून होईपर्यंत मी बाणाला हात लावत नाही."

"पंच, तुम्ही सांगा यांना."

"मी काय सांगणार?" पंच म्हणाले. "हा नियम मी यांच्याकडूनच शिकलो."

०:०३, अजूनही

घड्याळ थांबलेलं आहे तोवर सांगून टाकलेलं बरं. हा पंचांचा शेवटचा सामना होता. गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच राजीनामा दिला होता, पंचांनी तो आज मंजूर केला. उद्यापासून त्यांना या हॉलमध्ये यायला काही निमित्त उरणार नव्हतं. आणि बाईंना एक गोष्ट विचारायची राहिली होती.

सहा वर्षं राहिली होती.

बाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. पंचांनी लग्नच केलं नव्हतं. सामना संपला की दोघं मागच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत. कप समोर आले की दोघं एकदमच तोंड उघडत. मग 'तुम्ही बोला', 'छे, आधी तुम्ही'. एवढ्यात चहा निवायचा आणि बोलणं हॉलच्या बिघडलेल्या पंख्यावर जायचं. पंखा मध्यंतरी नवा आला. विषय तोच राहिला.

सकाळी धाकट्या बहिणीनं इस्त्रीचा शर्ट हातात देताना ऐकवलंच होतं. "दादा, त्या भोंग्याला तू एका बोटानं गप्प बसवतोस आणि एका बाईंपुढे तुझी दातखिळी बसते. आज नाही बोललास तर शिट्टी माझ्याकडे दे. मी जाऊन वाजवते."

०:००

पांढऱ्यांची फेक. पहिल्या हाताला चेंडू लागला, घड्याळ सुटलं आणि टेबलावरचा बाण फिरला. चेंडू कडीवर चढला, कडीभोवती दीड फेरी मारली, विचार बदलला आणि बाहेर पडला. लाल संघ एका गुणानं जिंकला. भोंग्यानं दिसेल त्याला मिठी मारली. टेबलाशी येऊन हात जोडले. "बाई, नियम म्हणजे नियम. मी मघापासून तेच म्हणत होतो."

"ऐकू आलं होतं," बाई म्हणाल्या. "पलीकडच्या रस्त्यावरही आलं असेल."

घड्याळ बंद

दोन कप आले. बाईंनी कापडी पिशवी मांडीवर घेतली. पंचांनी साखर ढवळली. साखर आधीच घातलेली होती.

"मी काय म्हणत होतो..."

"मी काय म्हणत होते..."

दोघं थांबले.

"तुम्ही बोला."

"छे, शेवटचा सामना तुमचा. तुम्ही बोला."

"तसं नव्हे, बाई, आधी तुम्ही..."

पंच छताकडे बघू लागले. आता पंखा येणार, हे दोघांनाही कळलं.

बाईंनी कप बाजूला सारला. पिशवीत हात घालून लाकडी बाण काढला आणि दोन कपांच्या मधोमध ठेवला. टोक पंचांकडे.

"हे असं किती वर्षं चालायचं?" त्या म्हणाल्या. "आत्ता हक्क तुमचा. तुमचं बोलणं माझ्यापर्यंत पोचलं की बाण फिरवीन, मग मी बोलेन. त्याआधी फिरवणार नाही. तुम्हाला ठाऊकच आहे."

पंचांना ठाऊक होतं. अठरा वर्षांत बाईंनी तो बाण एकदाही वेळेआधी फिरवला नव्हता. प्रशिक्षकांनी आरडाओरडा केला, अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवून घाई केली, एकदा खुद्द पंचांनी चुकून खूण केली, तरी नाही. म्हणजे आता सुटका नव्हती. सगळं नीट, शेवटच्या शब्दापर्यंत बोलावं लागणार होतं.

त्यांनी घसा खाकरला. खिशातली शिट्टी चाचपली. शर्टाची कॉलर सरळ केली, ती सरळच होती.

"बाई," ते म्हणाले आणि दम घ्यायला थांबले.

बाईंनी बाण फिरवला.