वाकवायचं मशीन

घण बसला, पत्रा वाकला, पण तिरका. एक कोपरा खाली, दुसरा वर. थोरल्यानं पत्र्यालाच शिवी हासडली.

दारापुढे पायरी एकच, पण वीतभर उंच. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, ती पायरी आता तिला जमणार नव्हती. म्हणून हा जाड पत्र्याचा उतार. पत्र्याची चार बोटं कड काटकोनात वाकवली की ती उंबऱ्याला अडकेल, आणि आई वॉकर टेकत आत येईल. संध्याकाळी धाकटा तिला हॉस्पिटलमधून थेट इथंच आणणार होता. आणि घरामागच्या शेडमध्ये हाताशी काय, तर एक टेबल, पत्रा आवळून धरायला दोन लोखंडी अँगल आणि घण.

"भाऊजींकडे न्या ना," बायको दारातून म्हणाली. "त्यांच्या मशीनवर दोन मिनिटांचं काम."

"मशीनवर काय, माकडसुद्धा वाकवेल," थोरला फिस्कारला. "त्याच्या दारात मी जाऊ? मोडेन पण वाकणार नाही."

ते मशीन मूळचं बापाचं. वाटणीत थोरल्यानं शेडसकट घर मागून घेतलं, धाकट्याच्या वाट्याला मशीन आलं. भाड्याच्या गाळ्यात त्याचा जम बसला, आणि इथं थोरल्याचं पोट दुखू लागलं. तेव्हापासून भावाभावांत अबोला. अबोला तोंडावर हो, पाठीमागे जीभ चालूच होती. कारागीर कसला तो, बटणदाब्या! धाकट्यानं आईला दोन्ही गुडघे नवे बसवून दिले, तर म्हणे, "का नाही बसवणार? मशीन पैसे पाडतंय!" आणि आपण दिवसभर बाहेर असतो, आईला तुमच्याकडे ठेवून घ्या, असा धाकट्यानं वहिनीला फोन केला, तेव्हा तर जिभेला धारच चढली. "बाहेर असतो म्हणे! शेटजी झाला ना. आता म्हातारी जड झाली."

त्यानं पत्रा ठोकून सरळ केला. पुन्हा आवळला, पुन्हा घण घातला. पुन्हा तिरका.

"मशीन यायच्या आधी मामंजी रेघेवर ग्राइंडरनं चर पाडायचे," बायको म्हणाली. "मग वाकवायचे, आणि चरात वेल्डिंग भरायचे."

"अर्धा कापून वाकवायचा? हा रडीचा डाव झाला."

पुन्हा सरळ, पुन्हा घण. या वेळी आवाज वेगळा आला. रेघेवरून पत्र्याला तडा गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"घ्या," बायको म्हणाली. "मोडला, पण वाकला नाही. घरच्या वळणावर गेला."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. भाड्याची गाडी होती. मागच्या सीटवर आई, आणि टपावर बांधलेला एक पत्रा. धाकट्यानं आणि ड्रायव्हरनं तो उतरवला, पायरीवर टेकवला. कड खट्कन उंबऱ्याला अडकली. माप चोख. ते चुकणार कसं? याच उंबऱ्यावर तो रांगला होता. धाकट्याच्या अंगात कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट होता, खिशावर नंबर शिवलेला. वा रे शेटजी, थोरला मनात म्हणाला, काय हा अवतार!

आई वॉकर टेकत हळूहळू चढून आली. थोरल्यापाशी थांबली.

"एवढा घाम कशाचा रे?"

थोरल्यानं बाहीनं कपाळ पुसलं. आई आत गेली, तसा मात्र तो खोड काढायला खाली वाकला. मशीनवर काढलेल्या कामात खोट सापडली असती तर त्याला जेवण गोड लागलं असतं. त्यानं कडेवरून बोट फिरवलं आणि ते तिथंच अडखळलं. मशीनचा वाक गुळगुळीत असतो. हा नव्हता. रेघेवर चर होता, वेल्डिंगनं भरून घासलेला. दोन्ही अंगांना हातोडीचे वण. ही तर बापाची रीत! गाळ्यात मशीन असताना कोण कशाला एवढा मरेल?

"हे हातानं केलंस?" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच भावाशी बोलत होता. "आणि मशीन कुठंय?"

धाकट्यानं आत पाहिलं. आई वहिनीच्या हाताला धरून खुर्चीत बसत होती.

"आईच्या गुडघ्यांत," तो म्हणाला. "आत्ताच तर तुझा उंबरा ओलांडून आत गेलं, दादा."