हिरवा दिवा

सपाट रस्त्यावर पाय जरा हलका झाला, की नव्या गाडीचे चारांपैकी दोन सिलिंडर आपोआप बंद होत आणि समोर हिरवा दिवा लागे. पेट्रोल वाचतं, म्हणून नवरा खूश होता.

त्याच क्षणी मागची दोन्ही मुलं गप्प होतात, हे गाडी चालवताना तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं. तिने आरशात पाहिलं. लेकीचं तोंड अर्ध्या शब्दावर उघडं होतं, धाकट्याची छाती हलत नव्हती. तिने पाय दाबला. दिवा विझला आणि लेकीने तोच शब्द पुरा केला.

"गाडी ठणठणीत आहे, ताई," मेकॅनिक म्हणाला. "ज्यांचं काम नाही त्यांना ती निजवते, एवढंच."

"माझ्या गाडीत चौघंही लागतात! खड्ड्यात गेलं पेट्रोल!" ती कडाडली.

तेव्हापासून गाडी तीच चालवायची, चढाच्या रस्त्याने, पाय रोवून.

आज ऐन चढावर दिवा लागला. तिने दचकून आरशात पाहिलं. मागे मुलं खिडकीवरून कडाकडा भांडत होती. शेजारी नवरा मात्र "अगं, हळू" म्हणता म्हणता थिजला होता.

"नाही!" म्हणायला तिने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही, श्वासही नाही.

पाय मात्र तिने तसूभरही उचलला नाही.