चार बोटं दोरी

गुणाजीने स्टोव्हवर लाल केलेली सळई झाकणाच्या मधोमध टेकवली. प्लॅस्टिक चुरचुरलं आणि खोलीभर उग्र वास सुटला. वनमालाने पदर नाकाला लावला. आज नंदूचा वाढदिवस. या दिवशी या वासाबद्दल तिने कधी तक्रार केली नव्हती.

झाकणं औषधाच्या बरण्यांची. संपात गिरणीतली नोकरी गेली, तेव्हापासून गुणाजी मरोळला एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात लागला होता. तिथली नापास झाकणं तो घरी आणायचा. दोन झाकणं पाठीला पाठ लावायची, मधून छोटा बोल्ट घालायचा, बोल्टवर रिफिलच्या नळीचा तुकडा चढवायचा. आत वायसर बसवून वर मेणबत्तीचं मेण ओतलं की यो-यो जड होतो आणि खाली जाऊन बराच वेळ फिरतो. बाजारातल्या यो-योला ही मजा नाही, असं नंदू चाळभर सांगत फिरायचा.

दोरी मात्र गुणाजी कारखान्यातूनच कापून, पीळ देऊन आणायचा. तिचं माप ठरलेलं. यो-यो जमिनीला टेकवला की दोरी खेळणाऱ्याच्या बेंबीपर्यंत यायला हवी. लांब झाली तर यो-यो फरशीवर आपटतो, आखूड झाली तर खेळ रंगत नाही.

"औंदाय गेल्या वर्सापेक्षा चार बोटां जास्त घेतलंय," दोरी गुंडाळत तो म्हणाला. "नंदू आता माझ्या खांद्याक लागतलो. येतलो तेव्हा आखूड पडूक नको."

"हो."

"येतलो गो तो."

"येणारच. जातोय कुठे?" वनमाला म्हणाली आणि पोळपाट पुसायला लागली. तो आधीच स्वच्छ होता.

गुणाजीने दोरीवर रबरबँड चढवला आणि यो-यो भिंतीवरच्या लाकडी पट्टीच्या खिळ्याला अडकवला. रांगेतला पाचवा. दर वर्षी एक. दोरी गुंडाळलेली, तशीच. कुणी हात लावायचा नाही.

नंदू गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. चांगली झाकणं वितळवून वाया घालवली म्हणून त्या सकाळी गुणाजीने त्याला मारलं होतं. दुपारपासून पोरगा दिसेना. रुसून गावी काकाकडे गेला असेल, असं म्हणत गुणाजीने एसटी पकडून मालवण गाठलं.

तो तिकडे असताना कुंडलिक नावाचा माणूस विचारत विचारत चाळीत आला. पवईच्या तलावावर गळ टाकून बसणारा. काठावरच्या दगडावर त्याला एक शर्ट सापडला होता आणि शर्टावर नीट ठेवलेला, घरी बनवलेला यो-यो. पाण्यात उतरायचं असल्याशिवाय नंदू यो-यो अंगावेगळा करणारा नव्हता. आईला हे कुणी समजावून सांगायला नको. कुंडलिकने चार पोहणारे घेऊन पाणी ढवळलं. हाती काही लागलं नाही.

वनमाला त्याच्या पाया पडली. म्हणाली, "आमच्या मालकांना सांगू नका. सकाळीच मारलंय त्यांनी त्याला. हे कळलं तर जगायचे नाहीत ते."

शर्ट आणि यो-यो तिने ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूखाली दडवले. गुणाजी रिकाम्या हाताने परतला आणि त्याने अंथरूण धरलं. जेवेना, बोलेना. मग वाढदिवस आला आणि तो आपणहून उठला, स्टोव्ह पेटवला, सळई तापत घातली. त्या दिवशी वनमालाने ओळखलं, या माणसाला आशा तेवढी जगवतेय. ती आपण मोडायची नाही.

तेव्हापासून ती 'येणारच' म्हणत आली. रडायचं असलं की मोरीतला नळ सोडायची. गुणाजी पवईच्या रस्त्याने कधी जात नसे, काम असलं तर लांबून वळसा घालायचा. तिला ते बरंच वाटायचं. कुंडलिकची गाठ पडायला नको. खोटं बोलायची सवय होते म्हणतात, पण तिला ते पहिल्या दिवसाइतकंच जड जात होतं.

दुसऱ्या दिवशी गुणाजी कामावर गेल्यावर शेजारच्या सुगंधाची क्षमा दारात येऊन उभी राहिली. दहा वर्षांची. नंदू गेला तेव्हा अंगाने, उंचीने अगदी एवढाच होता, म्हणून वनमाला तिच्याकडे फार वेळ बघायची नाही.

"काकी, आम्ही रविवारी मुलुंडला राहायला चाललो. एक यो-यो द्या ना. तो लाल."

लाल म्हणजे कालचाच.

"काकांना विचारायला हवं गं."

"विचारलं मी सकाळी. म्हणाले, काकीक विचार."

वनमाला भिंतीकडे बघत राहिली. खेळायला कुणी येणार नव्हतं, हे या घरात फक्त तिला माहीत होतं. एका तरी यो-योने कुणाच्या हातात फिरावं, असं तिला मनापासून वाटलं. तिने खिळ्यावरून लाल यो-यो काढला.

"ही दोरी मोठ्या मुलाच्या मापाची आहे. तुझ्या पायात येईल. थांब, कात्री आणते, कापून देते."

ती कात्री घेऊन आली तेव्हा क्षमाने रबरबँड काढून दोरी सोडली होती. यो-यो फरशीवर टेकला होता आणि दोरीचं वरचं टोक तिने पोटाशी धरलं होतं. बरोबर बेंबीवर.

"कापू नका काकी. मला फिट आहे."

हे मापात चुकले असतील, असं वनमालाच्या मनात आलं. तिने कात्री खाली ठेवली आणि पट्टीवरच्या चौथ्या यो-योचा रबरबँड काढला. यो-यो सुटून खाली आला. मग तिसरा सोडला. मग दुसरा. पहिल्याचा रबरबँड जुना होता, हात लागताच तुटला.

चारही यो-यो एकाच उंचीवर येऊन थांबले. क्षमाच्या हातातली दोरी तिने मागून घेतली आणि पाचव्या खिळ्याला लावली. तोही तिथेच थांबला. पहिल्या वर्षापासून दोरी बोटभरही वाढलेली नव्हती.