निम्मं काम

ऑफिसच्या लिफ्टमधलं मदतीचं बटण दाबलं की सिक्युरिटीच्या केबिनमध्ये घंटी वाजायची. तिथून उत्तर आलं नाही, तर प्रोग्रॅम बिचारा जन्मभर वाट बघत लटकून राहायचा. म्हणून प्रोग्रॅमरने त्यात टाइमआउट घातला: मिनिटभर थांबायचं, उत्तर नाही आलं तर नाद सोडायचा.

"नाद सोडल्यावर काय करतो तुझा प्रोग्रॅम?" टेस्टिंगवाल्या ताईंनी विचारलं.

"धीराचं एक वाक्य ऐकवतो. माणूस शांत झाला की निम्मं काम झालं."

"आणि उरलेलं निम्मं? दुसऱ्या कुणाला कळवायला नको?"

"अहो ताई, हत्ती गेला, शेपूट राहिलं! ते पुढच्या खेपेला बघू."

सुट्टीच्या दिवशी तो आईला हौसेने आपलं ऑफिस दाखवायला घेऊन गेला. सिक्युरिटीवाला केबिनला कुलूप लावून बाहेर पडताना दिसला, तेव्हा त्याने हसून हातही केला. मग दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट अडकली. मोबाइलला रेंज नव्हती. बंद जागेत जीव घुसमटणारी आई त्याचा दंड घट्ट धरून उभी होती. त्याने बटण दाबलं. मिनिटभर काहीच झालं नाही, आणि मग छतातून एक गोड आवाज आला, "घाबरू नका, मदत निघाली आहे."

आईच्या जिवात जीव आला.



"ऐकलंस ना, निघालेत म्हणे. मग आता तू कशाला रे थरथरतोयस?"