भोंगा गप्प बसला

“एक तास? तोंड बंद ठेवून?” सलूनवाल्याने वस्तरा खाली ठेवला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालावर फेस घेऊन ऐकत राहिलं. “अहो वहिनी, त्यापेक्षा माझे हात बांधा. पायाने कापून देतो!”

गल्लीत त्याला सगळे भोंगा म्हणत. सकाळी आठला शटर वर जायचं, त्याबरोबर त्याचा आवाजही. दोन्ही खाली यायचे ते संध्याकाळीच. एकदा एका टकल्याला त्याने अशी गोष्ट सांगितली, की ऐकता ऐकता त्या माणसाच्या डोक्यावर काटा आला आणि काट्याचे पुढे केस झाले. हे अर्थात भोंगाच सांगायचा.

वहिनी राहायच्या दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर. त्यांची दहा वर्षांची मुलगी स्वमग्न होती. बोलायची मोजकंच, पण बोलली की दगडावरची रेघ. हल्ली तिचं एकच वाक्य दिवसातून चाळीसदा कानांवर पडत होतं, “मला पोहायचंय.”

तलावावरच्या बाई तिला वर्गात घ्यायला आनंदाने तयार होत्या. अट एकच. केस कानापर्यंत, नाहीतर डोक्याला रबरी टोपी. टोपी तिला दोन सेकंदही सोसायची नाही. केस होते कमरेपर्यंत आणि घरात कात्री दिसली की ती पलंगाखाली. वर्ग सुरू व्हायला महिना उरला होता. दुकानात गर्दी नसायची ती बुधवारी दुपारी, म्हणजे हाताशी चार बुधवार.

“तिला गलका सोसत नाही,” मुलीचे वडील म्हणाले. “मागे एका दुकानात मिक्सर लावला, तर फळ्यांखाली जाऊन बसली. अर्धा तास बाहेर येईना.”

मुलीच्या आजोबांनी वही काढून यादी केली. केस कापायचं मशीन बंद. ड्रायर बंद. वासाचा फवारा बंद. चौथ्या ओळीवर आजोबांचं पेन अडखळलं.

“लिहा, लिहा,” भोंगा म्हणाला. “भोंगा बंद. खाली दोन रेघा ओढा. पोरगी पोहणार असेल तर मी माशासारखा गप्प राहीन.”

आणि तो खरंच तयारीला लागला. रोज जेवताना तोंड मिटून बसायचा सराव. त्याची बायको म्हणाली, “देव करो आणि त्या पोरीचे केस दर आठवड्याला वाढोत!”

वडिलांनी चित्रांची पट्टी काढली. दार, खुर्ची, गळ्याभोवती कापड, कात्री, आरसा आणि शेवटी निळा तलाव. पोरगी ती पट्टी उशाशी घेऊन झोपायला लागली.

पहिल्या बुधवारी तीनला ती दारापर्यंत आली. भोंग्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि माघारी वळली.

“सुरुवात आहे,” आई म्हणाली.

दुसऱ्या बुधवारी खुर्चीत बसली. पुन्हा तेच. तोंडाकडे पाहिलं, उठली, गेली.

“तुमच्या मिशांना घाबरत असेल,” आजोबा म्हणाले. भोंग्याने संध्याकाळी मिशा उतरवल्या.

तिसऱ्या बुधवारी तिने गळ्याभोवती कापड बांधू दिलं. शेजारच्या खुर्चीत आजोबा नमुना म्हणून केस कापून घेत होते. हा त्यांचा तिसरा नमुना. कात्रीला काही सापडेना, तेव्हा भोंग्याने भुवयांवर भागवलं. पण पोरगी आजही उठून गेली.

चौथ्या बुधवारी सगळी गल्लीच कामाला लागली. फळवाल्याने तराजूत फडकं घातलं, म्हणजे वजनं वाजायला नकोत. शिंप्याने मशीन थांबवलं. एकाने मोटरसायकल कोपऱ्यापासून ढकलत आणली. कोपऱ्यावरच्या कुत्र्याला बिस्किटाचा पुडा देऊन फितवलं. अशी शांतता पडली, की समोरच्या म्हातारबुवांना वाटलं, कानाचं यंत्र बिघडलं. ते दुरुस्तीला घेऊन गेले बिचारे.

पोरगी आली. बसली. कापड बांधून घेतलं. भोंगा मागे उभा. ओठ घट्ट मिटलेले, कान लालबुंद. चार गोष्टी घशाशी येऊन परत गेल्या होत्या. त्याने कात्री दुरूनच दाखवली, पोरीच्या वडिलांनी शिकवलं होतं अगदी तसं.

पोरीने आरशातून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या हाताने कापड सोडलं, त्याची नीट चौघडी केली, खुर्चीवर ठेवली आणि जिना चढून गेली.

कात्री भोंग्याच्या हातातच राहिली. “वहिनी, काय चुकलं हो माझं?” तो कुजबुजला.

“तुमचं काही नाही, भाऊजी. तुम्ही तर जिवाचं रान केलंत.” आईने डोळे पुसले. “पुढच्या वर्षी बघू पोहण्याचं.”

भोंगा मटकन बाकावर बसला. एकही केस न कापलेली कात्री तो पुसत राहिला.

आईवडील वर गेले. पोरगी बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथी पडली होती. शाळेतून आली की रोज अशीच पडायची, गारव्यासाठी असेल असं घरातले म्हणायचे. एक कान फरशीला चिकटवलेला, डोळे मिटलेले. आज खालून चकार शब्द येत नव्हता.

आई तिच्याशेजारी खाली बसली. “सोन्या, भीती वाटली का गं काकांची?”

“नाही.”

“कात्रीची?”

“नाही.”

“मग पोहायला नाही का जायचं? केस न कापताच कशी उठून आलीस?”

पोरीने कान फरशीवरून उचलला नाही.

“दुकान बंद आहे,” ती म्हणाली. “उघडलं की कापू.”