दसऱ्याची माळ

परदेशी मदतीतून रत्नागिरीत उभी राहिलेली साथीच्या तापांची प्रयोगशाळा पाहून अहवाल द्यायला उमाताई आल्या होत्या. “रक्ताचे नमुने इथंच तपासतो, मॅडम. फ्रीजर तर दिवसातून दहादा उघडतो,” डॉक्टर म्हणाले. फरशी लखलखत होती, माणसं जरा जास्तच गोड बोलत होती. “बिस्किट नको, आज संकष्टी,” उमाताई म्हणाल्या. मनातून मात्र बाहेरच्या बाकावरची जनी हलत नव्हती. तापानं फणफणलेल्या लेकीला मांडीवर घेऊन ती म्हणाली होती, “रिपोट मुंबयवरनं यायचाय, ताई. पोर तवर टिकंल ना?” फ्रीजरच्या दारावर झेंडूची सुकलेली माळ आडवी होती, टोकं दोन्हीकडे भिंतीला चिकटवलेली. “दसऱ्याची पूजा, मॅडम. यंत्रांना आम्ही देव मानतो!” उमाताईंनी सवयीनं हात जोडले. “माघ अर्धा सरला, तरी माळ अखंड?” डॉक्टरांनी घाईघाईनं माळेला हात घातला. “थांबा, आधी फोटो काढते.”